नाकसाहेबांसमोर केलेला केक

नाकसाहेबांना केकची किळस आली ती अंडं फुटण्याच्याही आधी. लेकीने ओट्यावर मैद्याचा डबा आणून ठेवला, झाकण काढून उलटं टाकलं आणि त्याच झाकणात चमचा, कात्री आणि केसांतून काढलेला चाप ठेवून दिला. केसांचा चाप, मैद्याच्या झाकणात. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण ते मूग गिळून गप्प बसले. आज तोंड उघडायचं ते फक्त खायला, असं सकाळपासून त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

चौतीस वर्षं त्यांनी अन्न निरीक्षकाची नोकरी केली होती. हॉटेलं, बेकऱ्या, बिस्किटांचे कारखाने, वसतिगृहांची स्वयंपाकघरं. कुठेही गेले की आधी त्यांचं नाक आत शिरायचं आणि मागून ते, म्हणून दुकानदारांनी हे नाव पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं आणि मनातून आवडलंही. पण पिठाच्या कोठीत वाळून गेलेली पाल, काळ्या तेलावर ओतलेलं नवं तेल, क्रीमच्या बादलीत कोपरापर्यंत बुडालेला हात, हे सगळं ज्याने जन्मभर पाहिलं त्याला समोरचं ताट दिसतच नाही. त्याला त्या ताटामागचं स्वयंपाकघर दिसतं. बायको होती तोवर तिच्या हातचे चार घास तरी हुंगून हुंगून पोटात जायचे. ती गेल्यावर तेही संपलं आणि ज्याला साल किंवा कवच आहे तेवढंच खायचं असा साहेबांनी नियम केला. केळं, संत्रं, उकडलेलं अंडं. आपल्या हाताने सोलायचं आणि तोंडात टाकायचं.

वर्षभरात अंगावरचे कपडे लोंबायला लागले. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, तेव्हा लेक येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिने स्पष्ट सांगितलं, "आठ दिवस बघू. जेवलात तर कायमचे राहा. नाही जेवलात तर रविवारी मी तुम्हाला तुमच्या घरी सोडणार. आईने जन्मभर भरलेली ताटं परत उचलली. माझ्याच्याने नाही होणार, बाबा."

आज शनिवार होता आणि आठवडाभरात साहेबांच्या पोटात केळ्यांशिवाय फारसं काही गेलं नव्हतं.

आणि त्यांना राहायचं होतं, अगदी मनापासून राहायचं होतं. आपल्या घरी ते हल्ली बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख मोठ्याने वाचायचे, का, तर घरात कुणाचा तरी आवाज यावा. इथे भिंतीपलीकडे लेक आणि जावई टीव्हीवरून भांडायचे आणि ते भांडण ऐकता ऐकता साहेबांना छान झोप लागायची.

"एक काहीतरी सांगा जे तुम्ही खाल," लेकीने काल शेवटचं म्हणून विचारलं होतं.

साहेबांनी बराच विचार केला. "चॉकलेटचा केक. साधा, वर क्रीम नको. एकशे ऐंशी अंशांवर अर्धा तास भाजला की त्यात काही जिवंत राहत नाही."

"बाबा, किती भूक लागेल असं बोलता हो तुम्ही," लेक म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. मग तिच्या डोक्यात आलं की बाबांना समोरच बसवावं, म्हणजे सगळं डोळ्यांनी पाहतील आणि शंका राहणार नाही. बिचारीला याहून मोठी चूक करता आली नसती.

कारण साहेब पाहत होते आणि पाहिलेलं त्यांना पुसता येत नव्हतं. लेकीने अंडं भांड्याच्या काठावर फोडलं आणि कवचाचा तुकडा आत पडला, तो तिने बोटाने काढला. मग तेच बोट एप्रनला पुसलं. त्या एप्रनवर परवाचं काहीतरी पिवळं वाळलेलं होतं. अंडी आणि साखर बीटरने फेटायला घेतली तेव्हा तिला शिंक आली. तिने तोंड वळवलं हे खरं, पण पुरेसं वळवलं नाही. फेसाचा पांढरा डोंगर झाला. साहेबांना तो केकचा फेस दिसेचना, नालीच्या तोंडाशी साचतो तो दिसला. मैदा आणि कोको चाळून तिने हलक्या हाताने फेसात मिसळलं, मिश्रण चमच्याने चाटून पाहिलं आणि तोच चमचा परत भांड्यात घातला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात जावई कामावरून आला. जावई प्लंबर होता, मोठा दिलदार माणूस, आणि आज कुठल्यातरी इमारतीची तुंबलेली मोरी साफ करून येत होता.

"हात धुतलेस का?" लेकीने विचारलं.

"धुतले की," तो म्हणाला. नळ जेमतेम एक श्वास घेईपर्यंत सुरू होता, साहेबांनी ऐकलं होतं. मग त्याने सरळ भांड्यात बोट घातलं, पेराएवढं मिश्रण उचललं आणि जीभ काढून चाटलं. "वा. बाबा, आज मजा आहे तुमची."

साहेबांना अंगभर शिसारी आली. नखाखाली काळं होतं. ते काळं आता कोकोत मिसळलं होतं आणि कोकोतलं काळं कुणाला दिसतं? त्यांनी घशाशी आलेलं परत गिळलं आणि मनात म्हटलं, एकशे ऐंशी अंश.

लेकीने लोणी फासलेल्या डब्यात मिश्रण ओतलं, डबा ओव्हनमध्ये ठेवला. जावई आंघोळीला गेला. "मी गच्चीवरचे कपडे घेऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही लक्ष ठेवा. फक्त दार उघडू नका हं, केक खाली बसतो."

साहेबांनी खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसकण मारली. काचेपलीकडे केक हळूहळू वर येत होता, आणि खरं सांगायचं तर वासही बरा होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आणि मग त्यांना तो दिसला. केकवर मधोमध एक बारीक, वाकडा, काळा केस.

चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं. होताच. आता हा केस भाजून निघणार, कापल्यावर आपल्याच वाटणीला येणार, आणि आपण तो तोंडातून ओढून काढणार. नुसत्या विचाराने त्यांच्या जिभेवर तो केस आला. खिशात नमुने उचलायचा छोटा चिमटा असायचाच, निवृत्त झाल्यावरही सुटला नव्हता. एका क्षणाचं तर काम, असं म्हणून त्यांनी ओव्हनचं दार उघडलं आणि चिमटा आत घातला.

केकवर काहीही नव्हतं. दाराच्या काचेला आतून जुनं काहीतरी जळून चिकटलं होतं, बारीक, वाकडं आणि काळं.

त्यांनी दार धाडकन लावलं. पण त्यांच्या डोळ्यांदेखत केकच्या मध्यावर सुरकुती पडली, मग खळगा झाला, आणि फुगलेला सगळा केक खाली बसला.

लेक कपड्यांचा ढीग घेऊन आली, काचेतून वाकून पाहिलं आणि तशीच थबकली. "दार उघडलंत?"

"मी हातसुद्धा लावला नाही," साहेब म्हणाले.

हे वाक्य त्यांनी हजार वेळा ऐकलं होतं. दुकानदार असेच जमिनीकडे बघून म्हणायचे, याच ओशाळ्या आवाजात, आणि साहेबांना त्या माणसांचीच शिसारी यायची, त्यांच्या पिठातल्या किड्यांपेक्षा जास्त. आता तो आवाज त्यांच्या स्वतःच्या घशातून आला होता.

लेकीने वेळ झाल्यावर डबा बाहेर काढला. मधोमध बशीएवढा खळगा आणि खळग्यात ओला, चकाकणारा चिखल.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "जास्त ढवळलं की काय कोण जाणे. जाऊ दे, बाबा. हे तुम्हाला कुठल्या तोंडाने खायला सांगू? राहा तुम्ही इथेच. केळी आणत जाईन."

म्हणजे काम झालं. साहेबांना राहायला मिळालं, एक घाससुद्धा न खाता. लेकीने डबा उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीकडे निघाली, खांदे पाडून, अगदी तिची आई भरलं ताट परत नेताना चालायची तशी. साहेबांना स्वतःची इतकी किळस आली की त्यापुढे मोरी, नखं, शिंक सगळं फिकं पडलं.

"थांब," ते म्हणाले. "फेकू नकोस. दार मी उघडलं होतं."

ती वळली.

"केस दिसला मला. नव्हता केस. आणि मग मी तुझ्याशी खोटं बोललो."

लेकीने डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी चमचा घेतला, तो पुसलासुद्धा नाही, आणि खळग्याच्या मधोमध घातला. पहिला घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं. कोमट, गिळगिळीत, अंड्याचा वास येणारा लगदा होता तो. त्यांनी दुसरा घास घेतला. चेहरा झाकायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"किळस येतेय ना तुम्हाला?" लेकीने विचारलं.

"हो. फार."

"मग कशाला खाताय? राहा म्हटलं ना मी?"

"मला केळी खाऊन नाही राहायचं तुझ्याकडे."

लेक समोरची खुर्ची ओढून बसली. कपाटातून दुसरा चमचा आणायला ती उठलीच नाही. तिने त्यांच्याच हातातला चमचा घेतला, मधला ओला भाग खरवडून स्वतः खाल्ला, आणि कडेचा नीट भाजलेला तुकडा तोडून त्याच चमच्याने त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो उष्टा चमचा पाहिला. मग तोंड उघडलं.

तो घासही त्यांना घाणच लागला. त्यांनी तो चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.