रिकाम्या खोलीवरचा लाल दिवा

मित्रांनो, कल्याणच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, 'उल्हास रेडिओ' नावाचं छोटं केंद्र आहे. तिथल्या स्टुडिओच्या दारावर लाल काचेचा एक जुना दिवा आहे. तो मी.

आमचं केंद्र धनेशशेठांनी सुरू केलं. त्यांचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नात नवरदेवाच्या हरवलेल्या मामाला हाका मारता मारता त्यांना वाटलं, साऱ्या गावासाठीच असा एक आवाज असावा. चष्म्याचं दुकान, शिवणक्लास, मसाल्याची गिरणी यांच्या जाहिरातींवर केंद्र चालायचं. कुणाचं पाकीट हरवलं, कुणाला शाळेची बॅग सापडली, स्टेशनच्या पूर्वेला पाणी कधी येणार, हे सगळं आमच्या निवेदिका योगिनीताई गाण्यांच्या मध्ये सांगायच्या.

माझं काम सोपं होतं. आतल्या माणसाने माइक चालू केला की मी पेटायचो. माइक बंद, की मीही बंद. मी लाल असताना बाहेर आवाज करायचा नाही, असा शेठांचा दंडक होता. लोक जिन्यातच चपला काढून हातात घ्यायचे. मुलांना कडेवर उचलून मला दाखवायचे आणि हळूच सांगायचे, "आत योगिनीताई बोलतायत बघ." तेव्हा मला फार बरं वाटायचं, कारण ते खरं होतं.

पुढे शेठ थकले आणि केंद्र एका मोठ्या कंपनीकडे गेलं. संगणक आला. योगिनीताई दुपार कलताना यायच्या आणि दुसऱ्या दिवसाचं सगळं एकदमच बोलून ठेवायच्या. माझी तार माइकवरून काढून संगणकाला जोडली गेली. "दिवा पेटलेला असला की पाहुण्यांना बरं वाटतं," कंपनीचे साहेब म्हणाले. तेव्हापासून मी दिवसभर पेटलेला असतो आणि माझ्यामागे रिकामी खुर्ची असते. मला लाज वाटायची. पण ती किती वाटायला हवी होती, हे मला या उन्हाळ्यात कळलं.

भर दुपारी मोहने गावच्या गंगुबाई जिना चढून वर आल्या. चपला हातात होत्या. पूर्वी एकदा त्या नवऱ्याबरोबर, पोपटरावांबरोबर, आमच्या स्पर्धेचं बक्षीस न्यायला आल्या होत्या, तेव्हापासून त्यांना माझा नियम ठाऊक होता.

"योगिनीताईंना भेटायचंय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

दाराशी बसणारा प्रीतम नवा होता. आत कोणी नाही हे श्रोत्यांना सांगायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. "भेटतील आजी, बसा. काय काम होतं?"

गंगुबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. प्रीतमला वाटलं, ताईंना बघायला आलेल्या असतील. तशी पुष्कळ माणसं येतात. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

गंगुबाईही बसल्या. खोकला आला की पदर तोंडात धरत. प्रत्येक गाणं संपलं की माझ्याकडे बघत. मी विझलो की त्या आत जाणार होत्या. मी विझतच नव्हतो. मित्रांनो, दिव्याला स्वतःहून विझता येत नाही.

उन्हं कलली. स्पीकरमधून ताईंचा आवाज आला, "आत्ता, या क्षणी, मी तुमच्यासोबत आहे, थेट स्टुडिओतून." आणि त्याच वेळी भाजीची पिशवी घेऊन योगिनीताई जिन्यातून वर आल्या.

गंगुबाईंनी स्पीकरकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"ताई, तुम्ही तर इथं. मग आत कोण बोलतंय?"

ताईंची मान खाली गेली. "आजी, ते कालच बोलून ठेवलेलं असतं."

"म्हणजे आत कुणीच न्हाई?"

"नाही."

"आणि मी हितं खोकला दाबून बसले." गंगुबाईंनी ताईंचा हात धरला. "आमचं म्हातारं सकाळधरनं हरवलंय, ताई. हल्ली त्यांच्या ध्यानात काही राहत न्हाई. चौकीत सांगून आले. पण त्यांच्या खिशात रेडिओ असतोय, कानात वायर. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. माझं तर घरात पण ऐकत न्हाईत."

"अहो आजी, मला आधी का नाही बोललात?" प्रीतम उठून उभा राहिला.

"कसं बोलू रे बाळा? दिवा लाल होता ना."

योगिनीताईंनी दार उघडलं, चालू गाणं मध्येच तोडलं आणि माइक ओढला. "पोपटकाका, मी योगिनी. गंगुबाई माझ्याजवळ आहेत. तुम्ही जिथं असाल तिथंच बसा. हलू नका. आणि ऐकणाऱ्यांनो, पांढरा सदरा घातलेले, कानात वायर असलेले आजोबा दिसले तर आम्हाला फोन करा."

पहिला फोन कळव्याच्या एका रसवंतीवाल्याचा आला. "ताई, ते आजोबा दुपारभर माझ्याच बाकावर होते की. सावलीत बसलेले. आत्ताच उठून गेले. थांबा, बघून येतो."

थोड्या वेळाने तोच पुन्हा बोलला. पोपटराव सापडले होते. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर, उन्हात मांडी घालून बसले होते. दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले. एका पायात चप्पल नव्हती, तळवा भाजला होता. "उठायलाच तयार नव्हते. म्हणाले, योगिनीने बसायला सांगितलंय."

"बघा," गंगुबाई हसल्या. "माझं कधी असं ऐकलंय?" आणि मग पदर डोळ्यांना लावून रडल्या.

मी वरून पाहत होतो. तीच हाक आधी गेली असती, तर म्हातारा सावलीतल्या बाकावरच बसून राहिला असता. मधला सगळा वेळ मी खाल्ला होता.

माझी तार पुन्हा माइकला जोडा, असं योगिनीताईंनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू." ते अजून बघतायत आणि मी अजून जळतोय.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. कधी आमच्या जिन्याने आलात आणि मी लाल दिसलो, तर मला मान देऊ नका. तुमचं कोणी हरवलं असेल, कुणाला काही झालं असेल, तर गप्प बसू नका. दार जोराने वाजवा. आत खरंच कोणी बोलत असेल, तर ते माणूस आहे, क्षणभर थांबेल. आणि कोणी नसेल, तर ते तुम्हाला लवकर कळलेलं बरं.