देवघरात अडकलेली हडळ

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे; भुताची, पण हसवणारी. माझ्या पानांत एक हडळ राहते. ती शहराबाहेरच्या कॉलनीत घर घेते, पायघोळ गाऊनखाली उलटे पाय झाकते आणि स्कूलबसपाशी थांबणाऱ्या आयांशी मैत्री करते. लेखकाने मला हसत हसत लिहिले असेल. माझे आयुष्य मात्र रडत गेले.

परभणीच्या बसस्टँडवर भक्तीने मला विकत घेतले. पोरे शाळेत गेली की राजेश्री आणि धम्मशीला या शेजारणी तिच्याकडे येत. एक जण वाचायची, दोघी मेथी निवडत ऐकायच्या. हडळीने आयांना डब्यातून काय खाऊ घातले ते कळले, तेव्हा धम्मशीला इतकी हसली की मेथीची परात पालथी झाली. ते माझे सुखाचे दिवस!

एका दुपारी भक्तीच्या सासूबाई कस्तुराबाई दाराशी आल्या. बोरी गावातले घर बंद करून त्या लेकाकडे आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते.

"काय वाचायलाव गं?"

घरात भुताचे पुस्तक म्हणजे मोठे महाभारत! भक्ती घाबरली. "पोथी हाय, आत्या," ती बोलून गेली.

मग मला लाल कापडात गुंडाळले गेले आणि वाचताना दार बंद होऊ लागले. शेवटचा अध्याय उरला होता, तोच कस्तुराबाईंना मी गादीवर सापडले. "पोथी अशी अंथरुणात टाकत्यात का?" म्हणत त्यांनी मला देवघरात नेऊन ठेवले. आंघोळीशिवाय कोणी हात लावायचा नाही. रोज हळदकुंकू, रोज उदबत्ती. माझ्यातल्या हडळीला तुळस वाहिली जात होती आणि मला वाचणारे कोणी नव्हते. जीव गुदमरला माझा!

त्यात उंदराने माझे कोपरे कुरतडले.

"फाटकी पोथी घरात ठेवू न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "गंगाखेडला नेऊन गंगेत सोडू."

रद्दीत गेले असते, तरी एखाद्याने दोन पाने चाळली असती. इथे मला भक्तिभावाने बुडवायला निघाले होते.

"खरं सांगून टाक की," धम्मशीला कुजबुजली.

"आन् मंग? आपलं दुपारचं बसणं बंद होईल. मी कुणाकडं जाऊ?" भक्ती रडकुंडीला आली. माझ्या तीन जिवलग माणसांपैकी एकीनेही मला वाचवले नाही.

गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, पायरीवर चौघी उतरल्या. खाली पाणी दिसत होते. मी मनातल्या मनात ओरडत होते.

"थांब," कस्तुराबाई म्हणाल्या. "शेवटचा अध्याय राहिलाय म्हणलीस न्हवं? तेवढा वाच, मंग सोडू."

भक्तीला एकही पोथी पाठ नव्हती. तिने मला उघडले आणि जे होते ते वाचले. मांत्रिक दाराशी येतो. आया हडळीला मध्ये बसवतात, तिच्या उलट्या पायांवर आपले पदर पसरतात आणि त्याला सांगतात, "इथे हडळ नाही. आम्ही सगळ्या मैत्रिणी आहोत."

"आत्या, ही पोथी न्हाई," भक्ती रडत म्हणाली. "माझं चुकलं."

कस्तुराबाई पायरीवर बसल्या.

"रोज दुपारी तुमच्या दाराभाईर पोथीला हात जोडून बसायचे मी. आतून तुमचं हसणं यायचं. वाटायचं, कुणीतरी म्हणंल, आत्या, आत या." त्यांनी पदराने डोळे पुसले. "त्या बायांनी हडळीला बी आत घेतलं गं. तुमी मला न्हाई."

धम्मशीला त्यांच्याजवळ जाऊन बसली, मग राजेश्री. भक्तीने त्यांच्यासाठी माझे पहिले पान उघडले, पण डोळ्यांतल्या पाण्याने तिला एक अक्षर दिसत नव्हते.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना पुजू नका, वाचा. आणि वाचायला बसाल तेव्हा आधी दार उघडून बघा. बाहेर कोणीतरी हात जोडून बसलेले असेल.