निरोगी हृदयाचा नमुना

बाप्पुट्टीचं हृदय कोळिक्कोडच्या त्या संशोधन केंद्रात सगळ्यांना तोंडपाठ होतं. तो तिथला एमआरआयचा तंत्रज्ञ. पन्नाशीला टेकलेला, अंगावर चिमूटभर मांस नाही, आणि सुट्टीच्या दिवशी सेवन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा, गोलकीपर. नवं मशीन आलं तेव्हा पहिल्यांदा त्यालाच आत झोपवलं होतं. त्याचं चित्र 'निरोगी हृदय' म्हणून ठरलं, आणि पुढे शेकडो माणसांच्या हृदयाभोवतीची चरबी त्याच्याशी ताडून मोजली गेली. शिवाय मशीन नीट चालतंय का हे बघायला दर महिन्याला तोच आत जाऊन पडायचा. चित्र स्वच्छ आलं की मशीन ठीक. चित्रातल्या माणसाकडे कोण बघतो!

त्या रविवारी रमलत बघत बसली होती. चित्रांवर चरबीची कड आखणं हे तिचं काम. अभ्यासात 'ठीक' ठरलेला एक काटकुळा शिंपी नुकताच हृदयविकाराच्या झटक्याने दवाखान्यात पडला होता, म्हणून केंद्राच्या प्रमुख डॉक्टर वारियर मॅडमनी सगळं पुन्हा तपासायला सांगितलं होतं. तिने शिंप्याचं चित्र बाप्पुट्टीच्या चित्राशेजारी ठेवलं. दोन्ही अगदी सारखी. आपलं काही चुकलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि लगेच आठवलं. शिंपी तर आजारी होता.

मग तिने नमुना वगैरे विसरून बाप्पुट्टीच्या हृदयाभोवती नव्याने कड आखली, आतला भाग पिवळा रंगवला. चरबीचा थर चांगलाच जाड निघाला. इतकी सगळ्यांनाच असते असं हे शहाणे लोक धरून चालले होते, कारण बाप्पुट्टीला होती! तिने या महिन्याचं हलतं चित्र उघडलं. हृदयाच्या भिंतीचा एक कोपरा अगदी नाखुशीने हलत होता. पहिल्या चित्रात तो छान हलायचा.

तिने मॅडमना फोन लावला.

"रमलत, घाई नको," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः बघितल्याशिवाय त्याला काही सांगायचं नाही. चित्र वाचून निदान करायचा अधिकार तुला नाही. उद्या सकाळी बघू."

"पण मॅडम, आज त्यांचा सामना आहे."

"तो रोजच पळतो गं. उद्या."

बाप्पुट्टीचा फोन बंद होता. त्याच्या बायकोने, नबीसाने, उचलला.

"गेले कधीच! सकाळपासून छातीत ग्यास धरलाय म्हणत होते. जिऱ्याचं पाणी प्याले नि बॅग उचलून निघाले. पळाल्यावर ग्यास सुटतो म्हणे. माझं ऐकतात का कधी?"

रमलतने लगेच फोन ठेवला. ती रिक्षा करून सामन्याच्या जागी पोचली तेव्हा कापणी झालेल्या शेतात गर्दी मावत नव्हती. दारावरचा माणूस ओरडला, "ओ इत्ता, ओ ताई, तिकीट काढा, नाहीतर खेळायला बॅकला उभ्या राहा!" तिला हसू आलं नाही.

बाप्पुट्टी कडेला बसून हातमोजे चढवत होता. कपाळावर घाम, खेळ सुरू व्हायच्या आधीच.

"मोळे, पोरी, तू इथे? सूर्य कुठून उगवला आज?"

काय बोलायचं? सांगायचं नाही, असं मॅडमनी बजावलेलं. आणि सांगितलं तरी हा हसणार, सगळ्या संघाला गोळा करून हसणार. तिने फोन पुढे केला. भोवतीची चरबी पिवळी रंगवलेलं हृदय आणि त्याचं हलतं चित्र, नाव नाही, नंबर नाही.

"बाप्पुक्का, एक अडलंय. या माणसाचं काय करायचं?"

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. हजारो हृदयं बघितलेला माणूस. हलतं चित्र दोनदा फिरवून बघितलं.

"अरे देवा! हा कोपरा बघ, मेल्यासारखा पडलाय. छातीत दुखतं का याच्या?"

"तो ग्यास म्हणतो."

"गाढव आहे! जिना चढू देऊ नका त्याला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घाला. आहे कुठे तो?"

 रमलतचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

बाप्पुट्टीने तिच्याकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे. त्याचा हात आपसूक छातीवर गेला. पंचांनी शिट्टी वाजवली, लोक आरडाओरडा करू लागले, "बाप्पुक्का, गोलमध्ये या, झोपलात काय?"

त्याने हातमोजे काढून शेजारच्या खेळाडूच्या मांडीवर ठेवले. "तू उभा राहा," म्हणाला. मग रमलतचा खांदा धरून सावकाश उठला. तिला वाटलं, आता हा नबीसाचं नाव काढेल, मुलांचं काढेल.

दोघं रिक्षापर्यंत हळूहळू चालत आले. आत बसल्यावर तो म्हणाला, "मोळे, माझ्याशी ताडून 'ठीक' म्हणून आपण किती जणांना घरी पाठवलं?"