मास्तरची चाल आणि माझ्यातला दाणा

मी कीबोर्ड बोलतोय. कॉम्प्युटरपुढे आडवा पडलेला, एकशे चार बटनांचा, काळा. इतके दिवस लोक माझ्याकडून बोलून घेत होते. आज मी माझं बोलतो, कारण जे झालं ते फार तर दोनच माणसांना ठाऊक आहे आणि ती दोघंही सांगणार नाहीत.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला माहीत नाही. डोळे उघडले ते जळगावच्या दुकानात, खोक्यात. तिथून रिक्षात बसून नशिराबादला आलो, भागाबाईच्या घरी. घरात शिरलो तर भिंतीला ढोल टेकलेले, खुंटीला लाल कोट, खाटेखाली पितळी कर्णे. लग्नाचा बँड होता तिचा. नवरा तोताराम गेला तेव्हा गाव म्हणालं, बाई काय बँड चालवणार. ती म्हणाली, "ये, आधी ढोल उचल. मंग बोल." तेव्हापासून बँड तीच चालवते. चौदा माणसं तिच्या एका हाकेवर उभी राहतात.

शिक्षण तिचं चौथी. इंग्रजी अक्षरं ओळखू येत, वाचता येत नसत. सुनेनं, सारिकानं, पुण्याला जायच्या आधी तिला सुरावट लिहायचं सॉफ्टवेअर शिकवून ठेवलं. त्यात माझं अक्षर दाबलं की पडद्यावरच्या पाच रेघांत सूर उमटतो आणि वाजतोही. अक्षरं लक्षात राहीनात म्हणून भागाबाईनं स्वतःच्या पाकिटातल्या कपाळाच्या टिकल्या काढल्या आणि माझ्या सात बटनांवर चिकटवल्या. सा लाल, रे हिरवी, ग निळी, अशा. सात टिकल्या लावून मी नवरीसारखा सजलो होतो. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग कय्युम मास्तर.

मास्तर बँडची क्लॅरिनेट. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींच्या पाठवणीला वाजवत आला. औंदा डिसेंबरात त्याच्या स्वतःच्या मुलीचं, अफरीनचं लग्न आहे. पण घशात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास मानेतल्या भोकातून घ्यावा लागेल. बोलणं नाही. फुंकणं तर नाहीच.

आजारात खाटेवर पडल्या पडल्या मास्तरनं एक चाल बांधली. अफरीन घरातून निघेल तेव्हा वाजवायची. ती कोणी ऐकलेली नव्हती, ती फक्त त्याच्या डोक्यात होती. आवाजाची नुसती घरघर झालेली, मोबाईलमध्ये भरली तर सूर कळेना. म्हणून ठरलं की मास्तरनं घरघरत सांगायचं, भागाबाईनं माझ्यावर सूर शोधायचा, त्यानं हो-नाही म्हणायचं. ऑपरेशन पंधरा दिवसांनी, सोमवारी होतं. हातात तेवढेच दिवस.

"वर का खाली, मास्तर?"

"वर, भाभी. थोडं अजून. बस, बस. तिथंच राहा."

असा एकेक सूर. तीन दिवसांत अर्धी चाल लिहून झाली आणि दसरा आला.

दसऱ्याला बँडवाले वाद्यांची पूजा करतात. भागाबाईनं ढोलाला, कर्ण्यांना, मास्तरच्या क्लॅरिनेटला हळदकुंकू लावलं. मग म्हणाली, "ह्यानं बी कमी काम नही केलं." आणि माझ्यावर ओलं कुंकू बोटानं लावलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. चिमूटभर नाही, मूठभर. तिचा हात कशातच कमी नसतो.

त्यातला एक दाणा माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या कंट्रोल नावाच्या बटनाखाली घसरला. मला लगेच कळलं. डोळ्यात कुसळ गेलेलं कळत नाही का? पण मी कोणाला सांगणार. भागाबाईला सवय होती लिहिताना डाव्या मनगटाचा भार त्याच कोपऱ्यावर टाकायची. भार पडला की कंट्रोल दबायचं आणि कुंकवाच्या चिकट्यात तसंच दबून राहायचं. कंट्रोल दबलेलं असलं की माझं कुठलंच अक्षर आपलं काम करत नाही, भलतंच करतं.

दुसऱ्या दिवशी तिनं म दाबला, तर खाली शोधायची खिडकी उघडली. बाणानं सूर एक पायरी वर न्यायला गेली, तर सूर सप्तकच ओलांडून गेला. मग बटन आपोआप सुटायचं आणि सगळं नीट चालायचं, तासभर.

तिनं पुण्याला फोन लावला. सारिका म्हणाली, "आई, भाषा बदलली असेल, खाली कोपऱ्यात मराठी-इंग्रजी बघा." बघितलं. बंद करून चालू केलं. वायर काढून फुंकर मारून पुन्हा लावली. गुण येईना.

खरं वाईट पुढे झालं. उड्या मारलेले सूर वाजायचे आणि मास्तर कान देऊन ऐकायचा. ती म्हणायची, "मास्तर, तुम्ही काल येगळं सांगितलं व्हतं." मास्तर कपाळ चोळायचा. मग हळू म्हणायचा, "सांगितलं असेल. डोक्यात गोळ्यांचा धूर आहे, भाभी." त्यानं नीटच सांगितलं होतं. मी साक्षीदार आहे. पण माणूस यंत्रावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. रोज थोडी थोडी त्याची चाल त्याच्याच कानात बिघडत गेली. त्याला कळत नव्हतं आणि मला थांबवता येत नव्हतं.

तरी शनिवारी दुपारी चाल पुरी झाली. भागाबाईनं पहिल्यापासून वाजवली. मास्तरनं डोळे मिटले, बोटं मांडीवर हलवली आणि म्हणाला, "हीच. आता एक शेवटचा ध घाला आणि ठेवून द्या."

तिनं मनगट टेकवलं. ध दाबला.

कंट्रोल दबलेलं होतं. पानच्या पान निळं झालं, सगळे सूर एकदम निवडले गेले. ती दचकली. चूक झाली की खोडायचं बटन दाबायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं ते दाबलं. सगळे सूर गेले. पाच रेघांच्या प्रत्येक घरात नुसती एकेक काळी आडवी वीट उरली, शांततेची खूण.

"बठ्ठं गेलं, मास्तर."

तिनं जळगावला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भूषणला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, व्हायरस शे. सेव्ह करा न् लगेच बंद करा. कॉम्प्युटरचा डबा घेऊन या. पेनड्राइव्ह कोणाचा लावला होता?"

"तुझ्या बापाचा," ती म्हणाली. पण त्यानं सांगितलं तसं केलं. रिकामी चाल सेव्ह झाली.

ती डबा घेऊन रिक्षात बसली. मला कोणी नेलंच नाही. भूषणनं दुकानातला आपला कीबोर्ड लावला, सगळं धुऊन काढलं, नव्यानं विंडोज टाकलं. तिथं अर्थातच सगळं झकास चाललं. "बघा अक्का, लोण्यासारखं चालतंय." त्यानं फायली जपून ठेवल्या होत्या. मास्तरची फाईलसुद्धा ठेवली होती, विटांची.

रविवारी मास्तरला गाडीत घालून धुळ्याला नेलं.

तो नव्हता त्या दिवसांत भागाबाई आठवतील तेवढे सूर लिहायला माझ्यासमोर बसली आणि पुन्हा तोच खेळ सुरू झाला. तेव्हा तिचं डोकं फिरलं. तिनं मला उचललं, सुपासारखं उलटं धरलं आणि पाठीवर दाणदाण हाणलं. दाणा खाली पडला. गुलाबी, कुंकवानं माखलेला.

तिनं तो ओळखला. स्वतःच्या हातानं टाकलेली अक्षता बाई विसरत नाही. दाणा तळहातावर घेऊन तिनं दुसऱ्या हातानं कंट्रोल दाबून पाहिलं. ते दबलं आणि लगेच सुटलं. त्या दिवशी चूल पेटली नाही.

मास्तर परत आला तो मानेला पट्टी बांधून, हातात पाटी घेऊन. भागाबाई म्हणाली, "मास्तर, मशीन नीट झालं. मी दाबते. तुम्ही फक्त मान हलवा."

सुरुवात बरी झाली. सात-आठ सूर. मग ती चुकली, मास्तरनं मानेनं हो म्हटलं. पुढचाही चुकला, तरी हो. तिनं हात थांबवला. मुद्दाम एक भलताच सूर दाबला, कानाला खुपेल असा. मास्तरनं मान डोलावली.

"मास्तर. माझ्याकडे बघा."

त्यानं पाटी ओढली. खडू कुरकुरला. त्यानं लिहिलं होतं: आठवत नाही भाभी. सगळ्या चाली एकमेकीत मिसळल्या. अफरीनला सांगू नका. तुम्ही लिहाल ती माझी.

बापाला घेऊन आलेली अफरीन बाहेर चहा टाकत होती. आतून आवाज आला की थांबून ऐकायची.

भागाबाईनं ओल्या पदरानं पाटी पुसली. दाण्याचं तिनं सांगितलं नाही. ओठापर्यंत आलं होतं, मी बघितलं.

आता माझं असं आहे की मी स्वच्छ आहे. माझं एकही बटन अडकत नाही. दोन टिकल्या झिजल्यात, एवढंच. आणि ती चाल मला पाठ आहे. पंधरा दिवस ती माझ्या अंगावरून गेली आहे, कुठलं बटन कितव्यांदा, सगळं. पण मला दाबलं जातं, मला दाबता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल आणि भलतंच लिहायला लागला, तर आधी त्याला उचला, उलटा करा, झटका. माणसाला नंतर दोष द्या. आमची पूजा करायची असेल तर लांबून हात जोडा.

आता ती पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे. अकरा सूर बरोबर आले, तिला ते खरंच आठवत होते. बाराव्याला तिचं बोट निळ्या टिकलीवर येऊन थांबलं आहे. इथं म आहे, भागाबाई. ग नाही. वीतभरही लांब नाही.

तिनं मास्तरकडे बघितलं.

ग दाबला.

मास्तरनं मान डोलावली, आणि बापाची चाल ऐकत दाराशी उभ्या असलेल्या अफरीननं चहाचा कप खाली ठेवून डोळ्यांना ओढणी लावली.