तातेराव जिंकले

तीर्थपुरीच्या आमच्या रशीदभाईंच्या बँडमध्ये पुढचं गाणं कोणतं, हे बहुमताने ठरायचं. वाजवताना तोंडात क्लॅरनेट आणि दोन्ही हात कामात, म्हणून मतदान पायाने. रशीदभाई ओरडून गाण्याचं नाव सांगायचे. पसंत असेल त्याने उजवा पाय उचलायचा. वऱ्हाडाला वाटायचं, बँडवाले नाचतायत. मामेलोक खूश होऊन नोटा ओवाळायचे.

घनसावंगीच्या तातेरावांच्या बँडमध्ये असला पसारा नव्हता. तातेरावांची छडी वर गेली की बँड सुरू, खाली आली की बंद. वाजवताना बोलायला बंदी. न वाजवताना बोलायची कुणाला सवय राहिली नव्हती.

रशीदभाईंचा पुतण्या कलीम ट्रम्पेट वाजवायचा आणि उरलेल्या वेळात टीव्हीवर जगातली युद्धं बघायचा.

"चाचा, लढाई एकाच्या हुकमानं जिंकता येते. आपण मीटिंगमधीच मरून राह्यलो."

"हुकूमवाले जल्दी जिंकतेत रे, पण टिकतेत का?"

"तातेराव टिकले की! तुमचे केस गेले, त्यांची छडी हाये तिथंच हाये."

कलीमने हाच मुद्दा सगळ्यांपुढे मांडला. शेवटी बैठकीत ठरलं, की यंदा तातेरावांशी मुकाबला हरलो तर त्याच दिवशी ठराव घ्यायचा: मतदान कायमचं बंद, बँड एकट्या कलीमच्या हुकमात. ज्या बँडमध्ये रशीदभाईंचा जन्म गेला, त्यात त्यांना मग विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

दोन नवरदेवांच्या परण्या, म्हणजे वराती, एका चौकात समोरासमोर आल्या, की ज्याचा बँड आधी थांबेल त्याने घोडा मागे घ्यायचा, असा आमच्याकडचा कायदा. भर वैशाखात, भर दुपारी ती वेळ आली. दोन्ही बँड भिडले. घोड्यांनी कान पाडले. नवरदेव फेट्यातून घामाने गळू लागले.

तातेराव आपल्या माणसांकडे तोंड करून, छडी नाचवत, उलटे उलटे पुढे सरकत होते. त्यांच्या पाठीमागे उघडी नाली होती.

तोंडातून ट्रम्पेट आधी काढला तो कलीमने.

"तातेराव! मागं नाली!"

मग आम्ही सगळेच ओरडलो. सगळेच ओरडल्यामुळे वाजवायला कुणी उरलं नाही.

"डाव टाकून राह्यले!" तातेराव हसून आपल्या माणसांना म्हणाले. "वाजवा रे!"

त्या माणसांना नाली आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत होती. पण बोलायला बंदी होती. ते मन लावून वाजवत राहिले आणि तातेराव गेले. छडीही गेली. आता थांबा म्हणणारं कुणीच नसल्यामुळे बँड वाजतच राहिला.

रशीदभाई आणि कलीमने त्यांना ओढून वर काढलं. डोळ्यांवरचा गाळ पुसत तातेरावांनी विचारलं, "आधी थांबलं कोण?"

"आम्ही," रशीदभाई म्हणाले.

"मंग घोडा मागं घ्या."

रशीदभाईंकडच्या नवरदेवाची आजी झुंबरबाई तिथंच कडाडली, "मुडद्यांनो! त्याला आधी पडू द्यायचं, मंग वरडायचं! मुहूर्त गेला माझ्या नातवाचा!"

जेवणाआधी मांडवामागे बैठक भरली. रशीदभाईंनी पडल्या चेहऱ्याने ठराव सांगितला. हात वर होणार, तेवढ्यात ढोलवाला मच्छिंद्र कलीमला म्हणाला, "एक विचारू का? तू हुकूम करायला लागला अन् मागं नाली आली, तर आम्ही वरडायचं का न्हाई?"

"वरडायचं की!"

"वाजवणं थांबवून?"

"हां."

"तू म्हणला, डाव हाये, तरी?"

कलीमने मान खाजवली. मग म्हणाला, "मी ठराव मागं घेतो."

रशीदभाईंचा चेहरा उजळला. पण कायद्याला ते पक्के.

"असा कसा मागं घेतो? तू एकट्यानं ठरवशील? बैठकीला विचारावं लागंल."

"चाचा, मी तुमच्याच बाजूनं बोलून राह्यलो!"

"मंग हात वर कर अन् बोल."

त्यावर चर्चा सुरू झाली. कनातीतून वाढप्याने डोकं घातलं.

"बुंदी संपत आली, बसता का बँडवाले?"

"थांब रे," मच्छिंद्र म्हणाला, "आजूक दोघं बोलायचे राह्यलेत."