कागदावरची मालकीण

परदेशी कंपन्यांची इथली माणसं सांभाळणं, हा थोरलीच्या ऑफिसचा धंदा होता. बाहेरच्या एखाद्या कंपनीला इथला एकच माणूस हवा असतो. तेवढ्यासाठी इथे स्वतःची कंपनी उघडायची, वकील गाठायचे, कायदे निस्तरायचे, एवढा व्याप कोण करतो? मग थोरलीचं ऑफिस त्या माणसाला आपल्या नावावर नोकरीला ठेवी. नेमणूक, पगार, रजा, विमा सगळं इथून. काम तेवढं तिकडचं. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांमध्ये थोरलीने बरीच वर्षं असल्या माणसांची उस्तवार केली होती. कुणाचा विमा अडला, कुणाची रजा राहिली, तर पहिला फोन तिलाच यायचा. ती कधी कुणावर जळली नव्हती.

मग तिची धाकटी जाऊ त्या यादीत आली.

धाकटी लेकीला खेळायला पुठ्ठ्याची कोडी कापून द्यायची. तुकडे जोडले की हत्ती व्हायचा, आणि तेच उलटे जोडले की जहाज. त्यांचे फोटो तिने इंटरनेटवर टाकले, आणि लाकडी खेळणी करणाऱ्या एका परदेशी कंपनीने तिला घरबसल्या नोकरी दिली. नेमणूक थोरलीच्याच ऑफिसातून झाली.

घरी नवी फिरती खुर्ची आली, मोठा स्क्रीन आला. धाकटीची मीटिंग सुरू झाली की सासूबाई कुकरखालचा गॅस बंद करायच्या, शिट्टी नको म्हणून. दिवसभर राबून आलेली थोरली स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन चालायची.

सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमची धाकटी परदेशी कंपनीत आहे."

एकदा थोरलीला राहवलं नाही. "आई, कागदावर ती माझ्या ऑफिसात आहे. म्हणजे तशी मीच तिची मालकीण."

"असशील गं," सासूबाई म्हणाल्या, "पण तुझा चेहरा बघून कुणाला पटायचं नाही." नवऱ्यासकट सगळे खो खो हसले. थोरलीही हसली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यानंतर ती खेळणी कंपनीची प्रमुख बाई इथे आली. आधी ऑफिसात आली. तिला इथे आणखी तीन माणसं घ्यायची होती, तीही याच पद्धतीने, आणि त्यांच्यावर एक मुख्य नेमायची होती. चहा पिता पिता तिने थोरलीला विचारलं, "तुम्ही तर तिच्या घरच्याच. ती सांभाळेल का तीन माणसं?"

थोरलीला 'हो' म्हणायला काय झालं होतं? पण तिच्या डोळ्यांसमोर बंद गॅस आला, ती खुर्ची आली. ती फार गोड आवाजात म्हणाली, "काम छान आहे हो तिचं. पण लहान मूल, घरचं सगळं… माणसं सांभाळणं तिला झेपेल असं मला नाही वाटत."

बाईने मान डोलावली. थोरलीला क्षणभर गार वाटलं.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. धाकटीने टेबलावर नवी कोडी मांडून ठेवली होती. बाई एकेक तुकडा हातात घेऊन बघत राहिली. सासूबाई बशी पुढे करत होत्या. त्या बाईला आडवळणाचं बोलणं ठाऊक नसावं. ती सरळ म्हणाली, "मी तुलाच मुख्य करणार होते. पण तुझ्या जाऊबाई म्हणतात, तुला झेपणार नाही. म्हणून दुसरं कुणीतरी शोधते."

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. सासूबाईंनी विचारलं, "काय गं म्हणते ती?"

धाकटीने थोरलीकडे एकदाच पाहिलं. "काही नाही आई. जाऊबाईंना माझी काळजी वाटते, असं म्हणते."

थोरलीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

बाई गेल्यावर थोरली कपबशा विसळायला घेऊन गेली, तशी धाकटी मागोमाग आली.

"जाऊबाई, मला एकदा विचारायचंत तरी."

नळ सोडून थोरली म्हणाली, "काय विचारणार? झेपेल तुला. मला माहीत होतं."

"मग?"

"मी जळते तुझ्यावर. मी त्या ऑफिसात जन्म घालवला, आणि तू बसल्या जागी…"

धाकटी वळून आपल्या खोलीत निघून गेली.

सकाळी बाई पुन्हा ऑफिसात आली. थोरलीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काल मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. हेव्यापोटी बोलले. ती उत्तम सांभाळेल."

"तिने मला रात्रीच फोन केला होता," बाई म्हणाली. "'झेपेल की नाही ते मला विचारा,' म्हणाली. मी विचारलं. काम तिलाच दिलंय. तुमच्याविरुद्ध मात्र ती अवाक्षर बोलली नाही."

एवढा मोठेपणाही हिच्याच वाट्याला यावा, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्या दिवशी धाकटी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन थोरलीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "पण उद्या मुलाखती घ्यायच्यात, आणि माणसाला काय विचारतात ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं."

"बस," थोरली म्हणाली.

आधीची नोकरी का सोडली हे आडून कसं विचारायचं, फार गोड बोलणाऱ्यापासून का जपायचं, रजेचं पहिल्याच दिवशी का स्पष्ट करायचं, सगळं तिने सांगितलं. गोड बोलणाऱ्याचं सांगताना धाकटीने मान वर केली. थोरलीने नजर चुकवली नाही. थोड्याच वेळात धाकटी असे प्रश्न विचारू लागली, जे थोरलीला स्वतःला कधी सुचले नव्हते. तिच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. ते तसंच ठेवून ती पुढचं सांगत राहिली.