ताईला न पटलेली घरं

छोट्या हा पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला आणि दारातून जाताना मान वाकवावी लागेल इतका उंच माणूस होता. तरी ताई त्याला छोट्याच म्हणायची, आणि तिचं ऐकून इमारतीतले सगळेच तसं म्हणायला लागले होते. दातांच्या एका दवाखान्यात मागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. बायको फार वर्षांपूर्वी निघून गेली होती, तीही भांडण न करता, त्यामुळे कुणाला दोष देण्याचीसुद्धा सोय राहिली नव्हती. ताईने लग्नच केलं नव्हतं. ती मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. ती निवृत्त झाली तेव्हा छोट्याने तिला आपल्याकडे राहायला आणलं आणि भाऊ असावा तर असा, असं सगळे नातेवाईक म्हणाले. ते त्याला मनातून फार आवडलं होतं, हेही सांगायला हवं.

दोघांचं बरं चाललं होतं. पण घरमालकाने इमारत विकली, नव्या मालकाने ती पाडायची ठरवली, आणि उन्हाळा संपायच्या आत जागा सोडा असा निरोप आला. घर शोधणं आलं.

जो दलाल त्यांनी गाठला त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की तो यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. दिवा घेऊन शोधलं तरी असं घर मिळायचं नाही, हे तो प्रत्येक घराच्या दारात म्हणायचा.

पहिलंच घर छोट्याला पसंत पडलं. दुसरा मजला, भरपूर उजेड, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं हेही त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलं. तेवढ्यात ताईने बाथरूममधला शॉवर सोडला, मग स्वयंपाकघरातला नळ सोडला, आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहून ती बघत राहिली. नळ चालू असताना शॉवरमधून नुसते थेंब पडत होते. सकाळी सगळी इमारत उठली की इथे चूळ भरायची पंचाईत, ती म्हणाली. किल्लीवाल्याने वरच्या टाकीकडे बोट दाखवलं, पण ताई तोवर चपला घालत होती.

दुसऱ्या घरात एकच भिंत नव्याने रंगवलेली होती. ताईने तिच्यावर तळहात टेकवला आणि नंतर तो हात छोट्याच्या गालाला लावला. हात थंडगार आणि ओलसर होता. तिसऱ्या घरी स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्यांच्या खिडकीला इतकी चिकटून होती, की पलीकडच्या बाईने लसूण सोलता सोलता यांना भाडं किती सांगितलं ते विचारलं आणि ऐकून तोंड वाकडं केलं. यातलं कुठलंच ताईचं चुकत नव्हतं. छोट्याचा वैताग तर त्यामुळेच वाढत होता. ती उगाच खोड काढते आहे असं म्हणता आलं असतं, तर त्याला तेवढंच बरं वाटलं असतं.

घर बरं निघालं तर मालक आडवा यायचा. एका जोडप्याने दोघांना सोफ्यावर बसवून चौकशी केली. नवराबायको का? नाही, भाऊबहीण. त्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तुमची फॅमिली कुठे असते, असं विचारलं. हीच फॅमिली, असं छोट्याने सांगून पाहिलं. कळवतो म्हणाले, ते कळवतच राहिले. दुसऱ्या एकाला भिंतीत खिळा ठोकलेला चालत नव्हता, पाहुणे चालत नव्हते, लिफ्टमधून सामान चालत नव्हतं. थोडक्यात त्याला भाडेकरू हवा होता, पण घरात राहणारा नको होता.

छोट्याच्या अर्ध्या दिवसाच्या रजा संपत आल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आता त्याला पाहून घड्याळाकडे बघायच्या. एका आजोबांची कवळी रखडली होती, आणि ते रोज येऊन, दात नसल्यामुळे अगदी मऊ झालेल्या आवाजात, त्याचा उद्धार करून जायचे. संध्याकाळी पुन्हा किल्लीवाला, पुन्हा जिने. घरी येऊन बूट काढले की तो पायाच्या बोटांकडे बघत बसायचा आणि ताई पंख्याची गती वाढवायची.

आणि मग एक घर असं मिळालं, की किल्लीवालासुद्धा दारात काही बोलला नाही. दोन झोपायच्या खोल्या, दोन्हींत ऊन. पाण्याला जोर. भिंती कोरड्या. खाली औषधाचं दुकान, समोर झाडं, रस्ता आतल्या बाजूचा. मालक जहाजावरून निवृत्त झालेला इंजिनियर, त्याने फक्त एकच विचारलं, कधी येताय? ताई सगळ्या खोल्यांतून फिरली. नळ सोडला, बंद केला. भिंतीवर हात ठेवला. खिडकी उघडली, लावली. छोट्या श्वास रोखून उभा होता. ताई परत आली आणि म्हणाली, की स्वयंपाकाचा ओटा जरा उंच आहे.

छोट्याने मालकाला हसून नमस्कार केला. जिन्याच्या पहिल्या वळणावर मात्र त्याचा बांध फुटला. ओटा उंच आहे? आपण काय राजवाडा शोधतोय? मी रोज शिव्या खातोय, पायाचे तुकडे पडलेत, आणि तुला ओटा उंच वाटतो? उद्या रस्त्यावर आलो की तिथला ओटा बेताचा असतो का ते बघ. असं बरंच काही तो बोलला. वर किल्लीवाला कुलूप लावण्याच्या निमित्ताने किल्ल्या हळूहळू वाजवत थांबून राहिला.

ताई पायरीवर बसली. वसतिगृहातल्या पोरी जिच्या नुसत्या पावलांना घाबरायच्या, ती ताई पदराने चष्मा पुसत बसली.

"घरात खोट नाही, छोट्या," ती म्हणाली. "मला एकटीला राहायचंय."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"मी काय त्रास दिला तुला?"

"काहीच नाही. दिला असतास तर सांगणं सोपं गेलं असतं."

मग तिने जे सांगितलं त्यात तक्रार अशी नव्हती. नोकरी होती तोवर जेवणं, उठणं, दिवे मालवणं सगळं घंटेवर. इथे आल्यापासून त्याच्या दवाखान्याच्या वेळेवर. त्याने कधी काही मागितलं नव्हतं, पण तो येणार म्हणून ती सातला कुकर लावायची, आणि तो जेवणार म्हणून जेवायची. तिला कधीतरी दुपारी चारला जेवून बघायचं होतं. दिवा चालू ठेवून झोपायचं होतं. पहिल्या घरांमधले दोष खरे होते, ती म्हणाली, पण पुढे पुढे ती ते मुद्दाम शोधायलाच लागली, हे तिच्याही उशिरा लक्षात आलं.

छोट्याला सुचलं ते भलतंच होतं. भावाने म्हातारपणी बहिणीला बाहेर काढलं, असं सगळे नातेवाईक म्हणतील, असं तो बोलून गेला.

"म्हणू देत. तुला घर त्यांच्याबरोबर घ्यायचंय का?"

त्यानंतर काही दिवस घरात मीठ दे, पेपर कुठे आहे, एवढंच बोलणं होतं. छोट्याला राग आला होता, आणि रागाखाली लाज होती, कारण बहिणीला आधार दिला या गोष्टीवर तो इतकी वर्षं मनातल्या मनात फुशारत होता. इंजिनियरचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. ताई स्वतःची जागा बघायला एकटीच जायला लागली.

एका संध्याकाळी तो आला तर ती पायात चपला तशाच ठेवून खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, की एक मालक म्हणाला, आजी, मुलाला घेऊन या. मुलगा नाही म्हटल्यावर त्याने दारच लावून घेतलं. हे ऐकून छोट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईवर रागावण्यापेक्षा ताईसाठी रागावणं त्याला किती तरी सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून तिच्याबरोबर निघाला.

तरी लगेच काही साधलं नाही. एकट्या बाईला जागा द्यायची म्हटली की जो तो कपाळाला आठ्या घालायचा. शेवटी एका शिवणकामाच्या दुकानावर एक खोली, स्वयंपाकघर आणि चिंचोळी गॅलरी एवढी जागा बघायला मिळाली. दुकान चालवणारी बाईच मालकीण होती. बोलायला चांगली होती, पण तीही अडखळलीच.

"या वयात तुम्ही एकट्या. उद्या काही झालं तर?"

"काही झालं तर जागा लगेच रिकामी होईल," ताई म्हणाली. "तुम्हाला सांगावंसुद्धा लागणार नाही."

मालकीण आधी खळखळून हसली, मग हसल्याबद्दल ओशाळली, आणि मग म्हणाली, की पहिली तारीख चालेल का. ताईने वर जाऊन नळ सोडून पाहिला. धार यथातथाच होती. चालेल, ती म्हणाली. अशाच धारेपायी पहिलं, पसंत पडलेलं घर सोडलं होतं हे आठवून छोट्याने दात आवळले.

तिचं सामान त्यानेच लावलं. कॉट, दोन कपाटं, पुस्तकांची खोकी. सगळं जागेवर गेल्यावर तिने त्याला पाणी दिलं आणि आता तू नीघ, मला जरा बसायचंय, असं सरळ सांगितलं. त्याला तिच्यासाठी आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. त्याचा चेहरा बघून शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, काका, काही हरवलं का?

आता त्याचं स्वतःचं घर राहिलं होतं. तुम्हाला नेमकं काय हवं, असं किल्लीवाल्याने विचारलं आणि छोट्या गप्प झाला. ताईला काय हवं ते तो झोपेतही सांगू शकला असता. त्याआधी बायकोला काय हवं ते माहीत होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. आपल्याला काय हवं याचा विचार करायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. तो रिकाम्या खोल्यांत जाऊन उभा राहायचा आणि किल्लीवाल्याकडे बघायचा, आणि किल्लीवाला त्याच्याकडे. दोघंही वैतागले. पाडायच्या जुन्या इमारतीत आता नळजोडण्या तोडायला माणसं यायला लागली होती.

शेवटी किल्लीवाल्याने, हे काही तुम्हाला चालायचं नाही असं आधीच सांगून, एका सुतारांच्या कारखान्यावरची जागा दाखवली. खाली करवती चालू होत्या, रंधे चालू होते, कुणीतरी कुणाला तरी हाक मारून फळी मागत होतं. लाकडाचा वास वरपर्यंत येत होता. छोट्या खिडकीशी गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर चिडीचूप, घरी ताईला आवाज सोसत नाही म्हणून रेडिओसुद्धा कानाशी धरायचा. खाली एका माणसाने गाणं म्हणायला सुरुवात केली, ते बेसूर होतं, आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

घेतो, छोट्या म्हणाला. किल्लीवाल्याला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही.

ताई बघायला आली तेव्हा तिने कानांवर हातच ठेवले. अशा गोंगाटात तुला झोप कशी येणार, तिने ओरडून विचारलं.

"सहाला बंद करतात," तोही ओरडून म्हणाला. "आणि नाही केलं तरी माझं मी बघतो."

ती थोडी दुखावली. पण चहा पिऊन मगच गेली.